अंतूरवरून दिसणारा धूर

कन्नडच्या उत्तरेला मराठवाड्याचं पठार एकदम संपतं. सातमाळ-अजिंठ्याच्या रांगेचा कडा तुटून खाली जातो आणि थेट चाळीसगावपर्यंतचा खानदेश समोर पसरतो. या कड्यावर अंतूरचा किल्ला आहे, पूर्वेकडे सोयगावच्या बाजूला सुतोंडा आणि वेताळवाडी आहेत. किल्ल्यांच्या जागा निवडणाऱ्यांना डोंगर कळत होता. अंतूरचा डोंगर मुख्य रांगेतून खानदेशात घुसलेल्या सोंडेवर आहे, त्यामुळे घाटाच्या उतारावर जे हलेल ते तिथून दिसतं. निजामशाहीला उत्तरेकडून चढून येणारी फौज वेळेत दिसायला हवी होती आणि त्यासाठी कडा, घाटवाट आणि पाण्याचं टाकं ही तिन्ही एकत्र मिळतील अशा जागा तिने राखल्या. फौजा यायच्या थांबून शतकं लोटली. त्याच उतारांवरून आता दर उन्हाळ्यात वणवा वर चढतो आणि त्याच्यासाठी या जागांवर कोणीही बसत नाही. माझं म्हणणं साधं आहे. आगीच्या चार महिन्यांत या रांगेवरच्या मोजक्या उंच जागांवर दुर्बीण, होकायंत्र आणि वायरलेस घेतलेला स्थानिक माणूस बसला पाहिजे. उपग्रह, ड्रोन आणि भ्रमणध्वनीच्या काळात हे म्हणणं जुनाट वाटेल, म्हणून ते नीट तपासून पाहू.

प्रश्न आहे तो मुख्यतः गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा. १९८६ साली घोषित झालेलं हे अभयारण्य २६० चौरस किलोमीटरचं आहे आणि ते छत्रपती संभाजीनगर व जळगाव या दोन जिल्ह्यांत विभागलेलं आहे. जंगल शुष्क पानगळीचं. साग, धावडा, सालई, खैर, पळस, अंजन अशी झाडं आणि त्यांच्याखाली कमरेएवढं गवत. फेब्रुवारीत पानं गळून पडतात, गवत वाळून कडकडीत होतं, त्यात रोशासारखं तेलकट गवत असतं आणि पुढे जूनपर्यंत पाऊस नसतो. कॅलिफोर्नियात किंवा ऑस्ट्रेलियात झाडांच्या शेंड्यांवरून झेपावणारी आग आपण दूरचित्रवाणीवर पाहतो, तशी आग इथे लागत नाही. इथली आग जमिनीवरून चालते, पालापाचोळा आणि गवत खात. ज्वाला बहुधा माणसाच्या उंचीच्या आत राहतात, मोठा साग काळा पडतो पण मरत नाही आणि म्हणूनच या आगीकडे कानाडोळा करणं सोपं जातं. मरतं ते खालचं. सागाची, अंजनाची वर्ष-दोन वर्षांची रोपं दर वर्षी जळतात आणि जंगलाला पुढची पिढीच मिळत नाही. तित्तर, लाव्यासारख्या जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात. मोकळ्या झालेल्या जागेत घाणेरी पसरते. बेसॉल्टच्या उतारावरचा मातीचा पातळ थर उघडा पडतो आणि मृगाच्या पहिल्या दमदार सरी तो शिवनेमार्गे गोदावरीत नेतात. गोदावरीवरच्या नाथसागर जलाशयातल्या गाळाबद्दल छत्रपती संभाजीनगर शहरात काळजीने बोललं जातं. त्या चर्चेत डोंगरावरच्या जळालेल्या गवताचाही विषय यायला हवा.

अशा आगीचा एक गुणधर्म आपल्या बाजूचा आहे. ती पहिल्या तासात लहान असते. चार-पाच माणसं हिरव्या फांद्यांनी झोडपून किंवा ब्लोअरने पाला बाजूला सारून ती संपवू शकतात. पण तिला उतार मिळाला की हिशेब बदलतो. आगशास्त्रात एक ढोबळ ठोकताळा आहे, चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, कारण ज्वाला वरच्या गवतावर झुकतात आणि ते पेटण्याआधीच तापवून ठेवतात. औट्रम घाटाची उत्तर बाजू म्हणजे असा चढच आहे. पायथ्याशी शेताचा धुरा जाळताना निसटलेली आग तळाला असताना एका कुटुंबाला आवरते, मध्यावर गेली की वनविभागाची तुकडी लागते आणि माथ्यावर पोचली की सगळे जाळरेषेवर, म्हणजे आधीच जाळून साफ केलेल्या पट्ट्यावर, उभे राहून वाट पाहतात. म्हणून वणव्याच्या व्यवस्थेला पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की आग लागल्यापासून ती माणसाला कळेपर्यंत किती वेळ जातो?

या प्रश्नाचं सर्वांत मोठं उत्तर अमेरिकेने उभं केलं. १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो आणि मोंटानात दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर जंगल जळालं आणि ऐंशीहून अधिक माणसं मेली. त्यात बहुतेक आग विझवायला गेलेले होते. त्यानंतर तिथल्या वनखात्याने डोंगरमाथ्यांवर टेहळणीचे मनोरे बांधायला घेतले आणि १९३० च्या मंदीत बेकार तरुणांच्या फौजेने त्यांची संख्या हजारांवर नेली. मनोऱ्यात मध्यभागी विल्यम ऑस्बोर्न या वनाधिकाऱ्याने तयार केलेलं दिशादर्शक यंत्र असे. गोल नकाशा, त्यावर फिरणारी कडी आणि नेम धरायची फट. धूर दिसला की कडी फिरवून त्याची दिशा अंशांत वाचायची आणि कळवायची. दुसऱ्या मनोऱ्यावरूनही तोच धूर दुसऱ्या कोनात दिसे. मुख्यालयात नकाशावर दोन रेषा ओढल्या की त्या छेदतात तिथे आग. एवढंच गणित. गौताळ्याच्या पायथ्याच्या पाटणदेवीजवळ भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. कोनांवरून अंतर काढण्याची विद्या या डोंगरात काही नवी नाही. ऑस्ट्रेलियात पेंबर्टनला तर १९४७ साली एका उंच कॅरी झाडाच्या बुंध्यात खुंट्या ठोकून शेंड्यावर टेहळणीची खोली केली. ती आपल्याकडच्या ज्वारीच्या मचाणाचीच थोरली बहीण म्हणायची, हातात गोफणीऐवजी दूरध्वनी असलेली.

त्या मनोऱ्यांचं पुढे काय झालं, तो भाग आपल्या कामाचा आहे. विमानं आली, रस्ते झाले, मनोऱ्यावरचा माणूस काढून घेतला गेला. आज त्यातले काही शे मनोरेच राखणदारासह चालतात. काही पडले, काही पर्यटकांना रात्रीच्या मुक्कामासाठी भाड्याने मिळतात. वारसा म्हणून मनोरा जपला आणि त्याचं काम सोडून दिलं. आपल्या अभयारण्यांमध्ये उलट वाटेने तेच झालं आहे. मनोरे आहेत, पण ते पाणवठ्याशेजारी, प्राणी बघायला आलेल्या पाहुण्यांसाठी. पाणवठा सखल जागी असतो. तिथून नीलगाय दिसेल, पलीकडच्या दरीतला धूर दिसणार नाही.

आपल्याकडे टेहळणीच्या मनोऱ्याची परंपरा का रुजली नाही, याचं उत्तर इतिहासात मिळतं. हिंदुस्थानात जंगलाला आगीपासून राखण्याचा पद्धतशीर प्रयोग १८६० च्या दशकात मध्य प्रांतातल्या बोरीच्या जंगलात कर्नल पिअर्सनने केला आणि त्याचं मुख्य साधन होतं जाळरेषा. हंगामाआधी पट्टा साफ करायचा, त्यातलं गवत आपणच जाळून टाकायचं, म्हणजे पुढे आलेली आग तिथे उपाशी मरते. हंगामी मजूर या रेषांवर चालत गस्त घालत. मजुरी स्वस्त होती, म्हणून उंचीवरून पाहण्याची गरज चालण्याने भागवली गेली. आमच्या रांगेवर तर आणखी एक अडचण होती. कड्याखालचा खानदेश इंग्रजांचा, कड्यावरचं कन्नड हैदराबादच्या निजामाचं. ज्या जेम्स औट्रमच्या नावाने हा घाट ओळखला जातो, त्याने १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारली ती खालच्या खानदेशात. आग खालून वर यायची, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात. सरहद्द पुसून जमाना झाला, तरी डोंगराच्या दोन अंगांची दोन कार्यालयं अजून आहेत आणि माथ्यावरून दोन्हीकडे एकाच वेळी पाहणारं कोणी नाही.

आता सर्वांत भक्कम आक्षेप. आकाशात उपग्रह असताना डोंगरावर माणूस कशाला? भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाने टिपलेल्या आगींची सूचना राज्यांना देते आणि आज ती भ्रमणध्वनीवर बीटच्या वनरक्षकापर्यंत जाते. हे काम मोलाचं आहे. आपल्या पानगळीच्या जंगलात उन्हाळ्यात वर छत्र नसतं, त्यामुळे उपग्रहाला खालची आग तुलनेने चांगली दिसते. ज्या दरीत कोणाचीही नजर पोचत नाही तीही त्याला दिसते आणि हंगामाच्या शेवटी कुठे किती वेळा जळलं याचा नकाशा त्याच्याइतका कोणीच देऊ शकत नाही. पण त्याची नजर आणि त्याचं वेळापत्रक पाहा. जुन्या मोडिस यंत्राचा एक ठिपका एक किलोमीटरचा, म्हणजे शंभर हेक्टरचा. नव्या व्हीआयआयआरएसचा ठिपका ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे चौदा हेक्टर. ठिपक्यापेक्षा लहान आगही पुरेशी तापलेली असेल तर सापडते, पण सूचनेत येतो तो ठिपक्याचा मध्यबिंदू, आणि डोंगरात तेवढ्या अंतरात मध्ये अख्खा नाला असू शकतो. आणि हे बारीक नजरेचे उपग्रह दिवसात दोनदाच माथ्यावरून जातात, दुपारी दीडच्या आगेमागे आणि रात्री दीडच्या आगेमागे. दुपारी तीन वाजता, वारा सुटल्यावर, गुराख्याच्या विडीने लागलेली आग समजा तासाला अर्धा किलोमीटर सरकली, तर बारीक डोळा पुन्हा वर येईपर्यंत तिची आघाडी पाच किलोमीटर पुढे गेलेली असते. मधे रात्री जाड नजरेचा एखादा उपग्रह येऊन जातो. इन्सॅटसारखा एकाच जागी थांबलेला उपग्रह दर अर्ध्या तासाने पाहतो खरा, पण त्याचा उष्णतेचा ठिपका चार किलोमीटरचा. गवताची लहान आग त्यात विरून जाते. वर प्रक्रिया आणि संदेशाला लागणारा वेळ आहे, आणि घाटाच्या कुशीत संदेश पोचायला रेंज लागते. म्हणजे ज्या पहिल्या तासावर सगळं अवलंबून आहे, त्याच तासात उपग्रह बहुधा गैरहजर असतो. उपग्रहाने मोठी आग मोजावी. लहान आग पकडणं हे त्याचं काम नाही.

मग कॅमेरा? मनोऱ्यावर फिरता कॅमेरा, धूर ओळखणारी संगणकप्रणाली, हे जगात वापरलं जातंय आणि जिथे वीज, जोडणी आणि देखभाल मिळते तिथे उपयोगीही पडतंय. म्हैसमाळला दूरदर्शनचा मनोरा आहे, तसल्या तयार उंचीवर कॅमेरा लावून पाहायला काहीच हरकत नाही. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये कन्नड-सोयगावच्या शिवारांत रोज धूर निघतो. कोणी कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवतो, कोणी धुरा जाळतो, कुठे वीटभट्टी असते. यातला कोणता धूर जागेवर विझणार आणि कोणता कुंपण ओलांडून जंगलात शिरणार, हे त्या शिवारात वाढलेल्या माणसाला रंगावरून, जागेवरून आणि वाऱ्यावरून कळतं. कॅमेरा सगळ्याचीच सूचना देईल आणि तिसऱ्या दिवशी ती सूचना कोणी वाचणार नाही. यंत्र माणसाच्या हाताखाली द्यावं, त्याच्या जागी नाही. माणसालाही मर्यादा आहेत, त्या लपवायचं कारण नाही. एप्रिलमधल्या धुळीच्या धुरकटात दूरचं दिसत नाही, रात्री धूर दिसत नाही आणि दुपारच्या उन्हात डोळा लागतो. म्हणून दोन-दोन माणसांच्या पाळ्या हव्यात, आणि रात्रीचं काम उपग्रहावर सोडावं.

दुसरा आक्षेप पर्यावरणशास्त्राचा आहे आणि तो मी गंभीरपणे घेतो. आग ही प्रत्येक वेळी शत्रू नसते. ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलात अनेक वर्षं कडक आगबंदी राखल्यावर सागाची नवी रोपं येईनाशी झाली आणि १८९६ मध्ये एच. स्लेड या वनाधिकाऱ्याने ‘इंडियन फॉरेस्टर’मध्ये आगीपासूनचं हे संरक्षण फाजील झालं आहे, असं खुलं प्रतिपादन केलं. अमेरिकेनेही १९३५ मध्ये प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायचं धोरण घेतलं. परिणाम असा, की जंगलात दशकानुदशकं सरपण साचत गेलं आणि पुढच्या आगी अधिक भयंकर झाल्या. मग मनोरे म्हणजे त्याच चुकीची पुनरावृत्ती नाही का? गौताळ्याची स्थिती वेगळी आहे. इथे सरपण साचण्याची अडचण नाही, इथे तेच उतार पुन्हा पुन्हा जळतात आणि रोपाला उंची धरायला दोन-चार वर्षांची उसंत मिळत नाही. शिवाय पाहणं आणि विझवणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. डिसेंबर-जानेवारीत गवत अर्धं ओलं असताना ठरवून जाळलेला पट्टा आणि एप्रिलच्या भर दुपारी सुटलेला वणवा यांत फरक करायचा, तर आधी दोन्ही दिसायला हवेत. एखादी आग जळू द्यायची असं ठरवणाऱ्याला तर टेहळ्याची जास्तच गरज आहे.

तिसरा आक्षेप खासगीत बोलला जातो. आग गावकरीच लावतात, मग त्यांच्यातलाच माणूस टेहळणीला बसवून काय साधणार? आपल्या जंगलात वीज पडून लागलेली आग क्वचितच, बाकी सगळी माणसाच्या हातची, हे खरं आहे. मोह वेचायला खाली पाला नको म्हणून, पहिल्या पावसानंतर गुरांना कोवळा चारा मिळावा म्हणून, धुरा साफ व्हावा म्हणून, किंवा वनखात्यावरच्या रागातून. रागाचं उदाहरण मोठं आहे. १९२१ मध्ये कुमाऊंच्या लोकांनी नव्या जंगल नियमांच्या निषेधात चिडाची राखीव जंगलं पेटवली होती आणि टेहळणी कितीही असती तरी तेव्हा ती आग विझली नसती, कारण विझवायला येणारंच कोणी नव्हतं. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम २६ राखीव जंगलात आग लावणं गुन्हा ठरवतं, वन्यजीव कायद्याचं कलम ३० अभयारण्यापुरतं तेच सांगतं आणि वन कायद्याचंच कलम ७९ जंगलात हक्क उपभोगणाऱ्यांना आगीची खबर देणं व विझवायला मदत करणं बंधनकारक करतं. ही कलमं असूनही दर वर्षी डोंगर काळे होतात. खबर देणाऱ्याला गावात चुगलखोर म्हटलं जातं, हे त्यामागचं साधं कारण. पगारी टेहळ्याची गोष्ट वेगळी. धूर कळवणं हे त्याचं ठरलेलं काम असतं, त्याने कोणाचं नाव घ्यायचं नसतं, फक्त दिशा सांगायची असते. तो तांड्यावरचा किंवा भिल्ल वस्तीवरचा असेल तर खाली कोणाला हाक मारायची तेही त्याला माहीत असतं. संत तुकाराम वनग्राम योजनेत चांगलं काम करणाऱ्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांना बक्षिसं मिळतात. ज्या समितीच्या हद्दीत धूर कळवल्यापासून कमी वेळात आग विझली, तिला बक्षिसात झुकतं माप देता येईल. आग लागली म्हणून गावाला दोष देण्यापेक्षा हे परवडतं.

खर्चाचा मुद्दा मला तितका अवघड वाटत नाही. वनखात्याच्या लेखी आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून, म्हणजे चार महिने. हंगामी फायर वॉचर आजही नेमले जातात. त्यातल्या काहींना पायवाटेवरून उंचीवर हलवायचं, एवढाच बदल आहे. बांधकाम तर नकोच. किल्ल्याच्या एका दगडालाही हात न लावता माथ्याच्या मोकळ्या जागी ताडपत्रीची सावली, पाण्याची टाकी, दुर्बीण, अंशांचं चक्र चिकटवलेला नकाशा आणि वायरलेस संच पुरतो. मनोरा म्हटलं की निविदा, सिमेंट आणि उद्घाटनाची पाटी येते, ते टाळलेलंच बरं. खरी अडचण वेगळी आहे. दिसलेल्या आगीकडे जाणाऱ्या माणसांचं काय? २०२१ च्या एप्रिलमध्ये नवेगाव-नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन वनमजूर होरपळून मेले. वाऱ्याची दिशा फिरली की खाली धुरात असलेल्याला ते कळत नाही. वरून पाहणाऱ्याला कळतं. टेहळ्याचं निम्मं काम धूर शोधण्याचं, पण उरलेलं निम्मं आग विझेपर्यंत खालच्या तुकडीला सांगत राहण्याचं आहे, की आघाडी कुठे वळली, मागे सुटकेची वाट मोकळी आहे का. ही गोष्ट कुठलाही उपग्रह करू शकत नाही आणि माझ्या लेखी सगळ्या युक्तिवादांत हा सर्वांत वजनदार आहे.

छत्रपती संभाजीनगर शहराचा यात काय संबंध, असं वाटेल. शहराभोवती साताऱ्याचा डोंगर आहे, सारोळा आहे, चौक्याचा घाट, शूलिभंजन, म्हैसमाळ आहे. उन्हाळ्यात या टेकड्यांवर लागलेली आग हजारो लोकांना गच्चीवरून दिसते, तिची छायाचित्रं निघतात आणि कळवलं असेलच कोणीतरी असं प्रत्येक जण धरून चालतो. वनविभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांक १९२६ आहे, तो गच्च्यांवरच्या लोकांना पाठ असायला हवा. पण हजार बघ्यांपेक्षा जबाबदारी असलेला एक माणूस वणव्याच्या कामी अधिक उपयोगाचा, आणि तो शहरालगतच्या टेकड्यांसाठीही नेमता येतो.

कुठे बसवायचा, हे मात्र अंदाजाने ठरवू नये. उंची म्हणजे दृष्टी असं समीकरण नसतं. सोंडेवरून समोरचा उतार दिसतो आणि आपल्याच पायाखालची घळ दिसत नाही. अमेरिकेने १९३० च्या दशकात मनोऱ्यांवरून चहूबाजूंची मापनयोग्य छायाचित्रं घेतली आणि प्रत्येक जागेवरून काय दिसतं, काय झाकलं जातं याचे नकाशे काढले. आज डोंगराच्या उंचसखलपणाची आकडेवारी फुकट उपलब्ध आहे आणि भूगोलाचे पदव्युत्तर विद्यार्थी एका सत्रात अंतूर, सुतोंडा, वेताळवाडी आणि अभयारण्यातल्या माथ्यांचे असे नकाशे करू शकतात. त्यावर वन सर्वेक्षणाचे मागच्या वीस वर्षांचे आगीचे ठिपके टाकले की कोणत्या दोन जागांवरून जास्तीत जास्त जळणारे उतार एकाच वेळी दिसतात ते समोर येईल. दोन तरी हव्यातच, नाहीतर रेषा छेदणार कशा. जागा किल्ल्याच्या असतील असा माझा हट्ट नाही, पण निघाल्या तर नवल वाटायला नको. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा गौताळ्यातलं गवत पिवळं पडायला लागलेलं असेल. जाळरेषा डिसेंबर-जानेवारीत काढल्या जातात, हंगामी माणसांची यादी त्याच सुमारास होते आणि १५ फेब्रुवारीला हंगाम सुरू होतो. नकाशाचं काम त्याआधीच्या तीन महिन्यांत बसतं.